शनिवारचे मासे आणि आपली खाजणे

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

सूरह अल-आराफमध्ये (आयत 163 ते 166) समुद्रकाठी वसलेल्या एका वस्तीची हकीकत आली आहे. वस्तीचे नाव कुरआनने सांगितलेले नाही. बऱ्याच मुफस्सिरांच्या मते ती अकबाच्या आखातावरील ऐला होय. वस्ती बनी इसराईलची, शनिवार हा त्यांच्यासाठी इबादतीकरिता राखलेला दिवस आणि त्या दिवशी शिकार निषिद्ध. कसोटी अशी की नेमके शनिवारीच मासे पाण्यावर थव्याथव्याने तरंगत येत आणि इतर दिवशी फिरकतही नसत.

त्या लोकांनी काय केले, हे मुफस्सिरांनी तपशिलाने लिहिले आहे. शनिवारी त्यांनी पाण्यात हात घातला नाही. शुक्रवारीच किनाऱ्यालगत खड्डे व चर खणले, जाळी लावून ठेवली. शनिवारी भरतीबरोबर मासे आत शिरले, ओहोटीला बाहेर पडता आले नाहीत, आणि रविवारी सकाळी मंडळींनी ते निवांतपणे उचलले. कोणी विचारले तर उत्तर तयार होते : आम्ही शनिवारी शिकार केलेलीच नाही. शब्दशः पाहिले तर ते खरेही होते. शरीअतच्या भाषेत यास 'हीला' म्हणतात. हुकुमाचा शब्द शाबूत ठेवायचा आणि त्याचा जीव काढून घ्यायचा, असा हा प्रकार. त्यांच्यावर जो अजाब आला तो आपण सर्व जाणतो.

प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, शनिवारचा तो हुकूम आपल्या उम्मतवर नाही. मग ही हकीकत आपल्याला का ऐकवली गेली? माझ्या समजुतीप्रमाणे, समुद्रकाठच्या माणसाला कोणत्या वाटेने मोह गाठतो हे त्यात दाखवले आहे, आणि ती वाट आजही तशीच वापरात आहे. आपल्या कोकणच्या खाड्यांवर नजर टाकली की ती दिसते.

खाडीकाठची खारफुटी आता सहसा कुऱ्हाडीने मरत नाही. कुऱ्हाड चालवली तर आवाज होतो, गुन्हा नोंदतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली, आणि 2018 च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या 21 व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग होय असे ठरवले. जमीन सरकारी असो वा खासगी, मनाई सारखीच. झाडांभोवती 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. तेव्हा झाडाला कोणी हात लावत नाही. रात्री दोन-चार डंपर राडारोडा खाजणाच्या तोंडाशी पडतो, किंवा 'रस्ता' म्हणून मातीचा एक बांध घातला जातो. भरतीचे पाणी आत येईनासे होते. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे ते झाड या मुळांवरील छिद्रांतूनच हवा घेते. मातीने ती मुळे बुजली, किंवा अडलेल्या पाण्यात महिनोन्महिने बुडून राहिली, की झाड उभ्या उभ्या गुदमरते. पाने पिवळी पडतात, गळतात, आणि एके दिवशी जमिनीचा मालक पंचांसमोर सांगतो की येथे खारफुटी नाहीच, नुसती वठलेली लाकडे आहेत. ती आम्ही तोडलेली नाहीत, आपोआप मेली.

शनिवारी आम्ही शिकार केलेलीच नाही.

येथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. रायगड-रत्नागिरीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली खारभूमीची शेती आहे. बांध घालून, उघाडीतून पाणी नियंत्रित करून आपल्या व शेजारच्या कुळवाड्यांनी तेथे खाऱ्या मातीत तगणारा भात पिकवला. पनवेलच्या संशोधन केंद्राने त्यासाठी वाणेही काढली. त्या बांधांना दुरुस्ती मिळाली नाही, ते फुटले, भातखाचरांत समुद्र शिरला व मागोमाग तिवरे उगवली. आता तो शेतकरी धड भात लावू शकत नाही, धड झाड काढू शकत नाही. त्याची तक्रार रास्त आहे आणि तिची दाद लागली पाहिजे. मी बोलतो आहे ते पोटासाठी घातलेल्या त्या जुन्या बांधाविषयी नव्हे, प्लॉट पाडण्यासाठी टाकलेल्या नव्या भरावाविषयी.

खाजणात असे काय आहे, हे नीट समजून घेतल्याशिवाय या भरावाचे पाप उमगत नाही. सूरह अल-फुरकानमध्ये (आयत 53) अल्लाहने दोन पाण्यांचा उल्लेख केला आहे, एक गोड व तहान भागवणारे, दुसरे खारट व कडू, आणि त्यांच्यामध्ये त्याने ठेवलेला बरजख, म्हणजे पडदा. त्याचा तपशील मुफस्सिरांनी निरनिराळ्या प्रकारे मांडला आहे आणि आयतींतून जीवशास्त्र काढण्याची हौस मला नाही. परंतु दोन पाण्यांच्या भेटीकडे बंद्याने लक्षपूर्वक पाहावे एवढी सूचना त्या आयतीत निश्चित आहे. आणि सावित्रीचे पाणी बाणकोटला, वाशिष्ठीचे दाभोळला, शास्त्रीचे जयगडला व काजळीचे भाट्याला ज्या जागी समुद्राला भेटते, तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या ताटातली पांढरी कोळंबी घ्या. तिची अंडी खोल समुद्रात पडतात. अंड्यातून निघालेला जीव डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. काही आठवड्यांनी तो भरतीवर स्वार होऊन खाडीत येतो आणि तिवरांच्या मुळांत, उथळ चिखलाच्या उबेत, महिने दोन महिने वाढतो. तेथे मोठे मासे त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि खायला भरपूर असते. पुरेसा मोठा झाला की ओहोटीबरोबर पुन्हा समुद्रात जातो, तेथेच त्याची वाढ पूर्ण होते आणि पुढची अंडीही तेथेच पडतात. बोय हा मासा असाच; अंडी समुद्रात, बाळपण खाडीत. चिंबोरीची मादी उलट चिखलातून निघून अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते. जिताड्याची पिल्ले पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर खाजणाच्या डबक्यांत शिरतात. तांबोशीची लहान पिल्ले खारफुटीच्या मुळांत दबा धरून असतात. म्हणजे बारा वाव पाण्यात जाळे टाकणाऱ्या खलाशाच्या हाती जे लागते, त्यातले कितीतरी गुडघाभर चिखलात वाढलेले असते. पाळणाघर बुजवले तर मैदानात खेळायला मूल कोठून येणार?

आणि हे पाळणाघर पोसले जाते कशावर? गळलेल्या पानावर. तिवर-कांदळाचे पान पाण्यात पडते, खेकडे ते कुरतडतात, सूक्ष्म जीव त्याचा भुगा करतात, त्या भुग्यावर कोळंबी, कोळंबीवर मासा, माशावर बगळा आणि माणूस. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. या येरझारीने अन्न आत-बाहेर होते आणि घाण धुतली जाते. सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखापाठोपाठ मीजान, म्हणजे तराजू, ठेवल्याचा आणि त्या मापात अतिक्रमण न करण्याचा आदेश येतो. आपण ती आयत वाण्याच्या तागडीपुरती लावतो. भरती-ओहोटीचे हे मापही त्याच हाताने ठेवलेले आहे. खाजणाच्या तोंडाशी टाकलेला भराव म्हणजे त्या पारड्यावर दाबलेला अंगठा आहे.

आता दोन युक्तिवादांकडे वळू. ते धर्माच्याच नावाने केले जातात, म्हणून त्यांना धर्मानेच उत्तर दिले पाहिजे.

पहिला असा : ज्याने मृत जमीन जिवंत केली ती त्याची, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, मग दलदल भरून घरे बांधणे हे मृत भूमीला जीवन देणेच नव्हे का? हदीस सहीह आहे, अनुमान चुकीचे. फिकहच्या ग्रंथांत 'मवात', म्हणजे मृत जमीन, तिलाच म्हटले आहे जिच्याशी कोणाचाही हक्क वा लोकांची सामायिक गरज जोडलेली नाही. नदीचा काठ, विहिरीभोवतीची जागा, वस्तीची गुरे चारण्याची जागा यांना मवात मानलेले नाही. (मराठीतही आपण 'पडीक' आणि 'खाजण' असे दोन शब्द ठेवले आहेत, दोन्ही एकच असते तर भाषेने एवढा खटाटोप केला नसता.) शिवाय त्याच हदीसच्या पुढच्या भागात, अन्यायाने रुजवलेल्या मुळाला कोणताही हक्क नाही, असा स्पष्ट इशारा आहे. तो सांगताना मात्र लोक विसरतात.

याविषयी अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक घटना आहे; ती मला या संपूर्ण प्रश्नाची किल्ली वाटते. हजरत अब्यज बिन हम्माल (रजि.) यमनमधील मआरिबहून प्रेषितांकडे (स.) आले आणि तेथील मिठाची जागा आपल्या नावे करून मागितली. प्रेषितांनी (स.) ती दिली. ते निघून गेल्यावर मजलिसीतील एकाने निदर्शनास आणले की आपण त्यांना जे दिले ते कधीही न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. म्हणजे जे कोणीही, कष्ट न करता, जाऊन घेऊ शकतो ते एका माणसाचे झाले. प्रेषितांनी (स.) ती जागा परत घेतली. विचार करा, देणगी दिली जाऊन चुकली होती, देणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित होते, घेणारे सहाबी होते. तरीही सर्वांच्या वापरातील नैसर्गिक ठेवा एकाच्या मालकीत जातो असे लक्षात येताच निर्णय बदलला गेला. ज्या चिखलात गावची बाई ओहोटीला उतरून तिसऱ्या आणि कालवे काढते, ज्यात कोणीही पाग टाकू शकतो, ती जागा याच जातीची आहे.

दुसरा युक्तिवाद सातबाऱ्याचा. जमीन माझ्या वाडवडिलांची, कागदावर नाव माझे, मी माझ्या हद्दीत भराव घातला तर इतरांचे काय गेले? याचे उत्तर बुखारीतील जहाजाच्या दृष्टांतात आहे. जहाजात काही जण वरच्या मजल्यावर, काही खाली. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, वरच्यांना त्रास होई. खालच्यांनी म्हटले, आपण आपल्याच भागात एक भोक पाडू, म्हणजे वरच्यांना त्रास नको. प्रेषितांनी (स.) सांगितले की त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सारे वाचतील. या दृष्टांतात खालच्या माणसाचा हेतू वाईट नाही आणि जागाही त्याचीच आहे. पाणी मात्र सातबारा वाचत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कालिन्याच्या वस्त्यांत पाणी छतापर्यंत चढले. मिठी नदीच्या मुखाजवळची खाजणे दशकानुदशके भरली गेल्याने पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती, हे त्या पुराच्या कारणांपैकी एक होते. भराव घालणारे कोण आणि बुडालेले कोण, याची यादी केली तर दोन्हींत एकही नाव सामायिक निघणार नाही.

आणि खाडीवर पोट असलेले आपले शेजारी विसरू नका. रत्नागिरीच्या राजिवड्याचे दालदी बांधव आपल्यातलेच आहेत; पण कोळी, खारवी, गाबित, भोई हेही त्याच पाण्यावर जगतात. शेजाऱ्याच्या हक्काविषयीच्या हदीसांत शेजाऱ्याचा दीन विचारलेला नाही. ना स्वतः नुकसान करावे, ना नुकसानीची फेड नुकसानीने करावी, हा प्रेषितांचा (स.) नियम फिकहच्या पायाभूत सूत्रांपैकी एक आहे. कयामतच्या दिवशी एखादा भोई माझ्या पोळीतला घास कोठे गेला असे विचारील, तेव्हा एनएचा दाखला काढून दाखवता येणार नाही.

या प्रश्नाचे सर्वांत नाजूक रूप मला काही काळापूर्वी एका जमातीत भेटले. एका सद्गृहस्थांनी खाडीलगतची भरावाची जागा मदरशासाठी वक्फ करण्याची इच्छा दर्शवली होती. हेतू नेक होता, मंडळी आनंदात होती, माझ्याकडून केवळ दुआ हवी होती. मी विचारले, भराव कोणी, कधी व कोणाच्या परवानगीने घातला? मजलिस थोडी गंभीर झाली. एक वडीलधारे म्हणाले, "मौलाना, अल्लाहच्या कामाला दिलेली जागा पाकच होते ना?" मी अदबीने सांगितले, "चाचा, गोष्ट उलटी आहे. अल्लाह पाक आहे आणि पाक तेवढेच कबूल करतो, असे हदीसमध्ये आहे. आपण अगोदर पाक करू, मग त्याच्यापुढे ठेवू." बळकावलेल्या जागेवरील नमाज आपल्या शाफई मजहबप्रमाणे अदा होते, पण पढणारा गुनाहगार ठरतो, हंबली मजहबच्या प्रसिद्ध मतानुसार ती होतच नाही. अशा जागेवर मुलांना कुरआन पढवायला बसवायचे? त्या सद्गृहस्थांनी विषय मनाला लावून घेतला नाही, हे त्यांचे मोठेपण. मदरसा दुसऱ्या, लहान जागेत भरतो आणि भराव तसाच पडून आहे. तो कोणी उचलावा यावर जमातीत अजून एकमत झालेले नाही.

मासेमारीबद्दल थोडेच बोलतो, कारण दर्यावर जाणाऱ्याला ते माझ्यापेक्षा अधिक कळते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना असते. हा पुष्कळ माशांच्या प्रजननाचा काळ. ऐलावाल्यांप्रमाणेच येथेही कसोटी मोहाची आहे, बंदीतच भाव चढतात. चोरून आणलेला मासा हलाल की हराम असे मला विचारतात. मासा मुळात हलाल आहे; सूरह अल-माइदामध्ये (आयत 96) समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल केली आहे. परंतु ज्या नियमाने सर्वांची रोजी सांभाळली जाते तो मोडणे म्हणजे दिलेल्या शब्दाची खियानत होय, आणि बारीक आसाच्या जाळ्याने खाडीतली बोटभर पिल्ले उपसणे हा इस्राफ आहे. खरेदी करणारी गृहिणीही त्यात भागीदार असते. बाजारात पोटात अंडी असलेली चिंबोरी अधिक पैसे देऊन मागणारे आपणच.

कचऱ्याविषयी एवढेच की पाणवठा, रस्ता आणि सावली या तीन जागा घाण करणे शापास कारण होते, असे हदीसमध्ये आले आहे. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी आणि थर्माकोल कोठे जातात ते प्रत्येकाने आपापल्या गावच्या खाडीवर जाऊन पाहावे.

आपल्यातील अनेक घरांचे कर्ते पुरुष अबुधाबीत, कतारमध्ये आहेत. सुटीच्या दिवशी ते तेथील जुबैल बेटावरच्या लाकडी पुलावरून तिवरांच्या बनात फिरतात, मुलांना खेकडे दाखवतात, फोटो गावी पाठवतात. अरबीत त्या झाडाला 'कुर्म' म्हणतात. झाड तेच, आपल्या खाजणातले तिवर, जातही तीच. महाराष्ट्राने 2020 मध्ये 'पांढरी चिप्पी' हा राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून घोषित केला. त्याची पांढऱ्या तंतूंची फुले रात्री उमलतात. तीही आपल्याच खाडीच्या काठाने उभी असते. तिकडून येणाऱ्या पैशाने इकडचे बन बुजवले जाते, ही विसंगती पाठवणाऱ्यांच्या कानावर कोणीतरी घालायला हवी. बहुतेकांना ठाऊकच नसते. त्यांना केवळ "रोडटच प्लॉट" एवढेच कळवलेले असते.

सूरह अल-आराफच्या त्या आयतींत तीन गट दिसतात. एक मासे पकडणाऱ्यांचा. दुसरा त्यांना रोखणाऱ्यांचा. तिसरा रोखणाऱ्यांना म्हणणारा, की ज्यांना अल्लाह नष्ट करणारच आहे त्यांना उपदेश करून काय लाभ? रोखणाऱ्यांनी दोन कारणे दिली : आपल्या रबपुढे आम्हाला आमची बाजू मांडता यावी, आणि कदाचित हे लोक भीतील. पुढे आयत सांगते की रोखणारे वाचले, जुलूम करणारे पकडले गेले. तिसऱ्या गटाचे काय झाले, ते आयतीत नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) या मौनाने व्याकूळ होत असत, असे तफसीरच्या ग्रंथांत आहे, त्यांचे शागिर्द इक्रिमा (रह.) यांनी त्या गटाच्या बाजूने दलील दिली, तेव्हा त्यांना दिलासा वाटला. ज्या मौनाने एवढा मोठा मुफस्सिर अस्वस्थ झाला, त्याकडे खाडीकाठच्या जमातींनी जरा थांबून पाहावे.

रोखणे म्हणजे भांडण नव्हे. रात्री डंपर आला तर त्याच्यापुढे तरुणांना उभे करू नये. सकाळी तहसील कार्यालयात व वनविभागाकडे जमातीच्या कागदावर, तारीख व गट क्रमांक घालून, लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आपल्याबरोबर कोळीवाड्याचीही सही असेल तर अधिक चांगले. बंद पडलेली उघाडी गावाने मिळून मोकळी करावी. भरतीचे पाणी पुन्हा आत खेळू लागले की तिवराची बीजे त्याबरोबर आपोआप येतात, बहुतेक ठिकाणी लावावीही लागत नाहीत. आणि जागा विकत घेण्यापूर्वी कागदपत्रांबरोबर गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारावे की आषाढातल्या उधाणाचे पाणी पूर्वी कुठपर्यंत येत असे. ते हात लांब करून नेमकी जागा दाखवतात.